उतारवयातील स्नायुबल आणि संप्रेरकांची बाटली
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



गेल्या वर्षी आमच्या घरच्या मंगलकार्यात डोंबिवलीस पंगत बसली होती. जेवणे आटोपून मंडळी उठली, परंतु आमचे वडील बंधू पाटावरच बसून राहिले. दोघा पुतण्यांनी हात दिला तेव्हा कोठे त्यांना उठता आले. वय ७३. कल्याणहून मुंबईस गर्दीच्या गाडीत उभ्याने जाऊन ज्यांनी जन्मभर नोकरी केली, त्यांचा त्या दिवशीचा ओशाळलेला चेहरा आम्ही विसरलो नाही. चौकशीअंती समजले की, स्नायुबल वाढावे म्हणून अमेरिकेतील चिरंजीवांनी धाडलेल्या ‘डीएचईए’ नामक संप्रेरकाच्या गोळ्या ते आठ महिने घेत होते. तिकडे त्या वैद्याच्या चिठ्ठीवाचून मिळतात. अशा बाटल्या आता ज्ञातीतील इतर घरांतही येऊ लागल्या आहेत, म्हणून हा विषय घेतला.

हा मोह जुनाच. १८८९ साली पॅरिस येथे ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणांचा अर्क स्वतःस टोचून घेतला आणि अंगी पुन्हा बळ आल्याचे विद्वत्सभेत जाहीर केले. त्याच्या अर्कात संप्रेरकाचा अंश नाममात्रच असावा. बळ आले ते श्रद्धेचे! पुढे १९३५ साली टेस्टोस्टेरॉन शुद्ध रूपात हाती आले व त्याच वर्षी ते कृत्रिम रीतीनेही तयार झाले.

हे द्रव्य स्नायूंतील प्रथिनांची बांधणी वाढविते, आणि वयपरत्वे ते घटते. मग बाहेरून दिले की झाले, असा तर्क कोणीही करील. अमेरिकेतील मेयो संस्थेत डॉ. श्रीकुमारन नायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच तर्क दोन वर्षे कसोटीस लावला. वृद्ध स्त्रीपुरुषांना डीएचईए, तर काही पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिले. २००६ साली निष्कर्ष आला: टेस्टोस्टेरॉनने मांस किंचित वाढले, बळ मात्र दोहोंपैकी एकानेही वाढले नाही.

ज्यांच्या रक्तात हे संप्रेरक खरोखरच कमी आहे आणि तशी लक्षणेही आहेत, त्यांना वैद्याने ते देणे ही निराळी गोष्ट; तिला आमचा विरोध नाही. मात्र सकाळच्या रक्ताची तपासणी एकदा नव्हे, दोनदा व्हावी. अशाच पाच हजारांहून अधिक पुरुषांची पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. तीत हृदयविकाराचे झटके वाढले नाहीत, परंतु हृदयाची अनियमित गती आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या अधिक आढळल्या. प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग असणाऱ्याने तर या वाटेस जाऊच नये.

मग बळ येते कशाने? बोस्टन येथील वृद्धाश्रमातील शंभर जणांवर झालेला प्रयोग १९९४ साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय ८७. दहा आठवडे पायांनी वजन रेटण्याचा व्यायाम करणाऱ्यांचे बळ दुपटीहून अधिक झाले. नुसते पौष्टिक पेय घेणाऱ्यांचे जवळपास होते तेथेच राहिले. आमच्या आजोबांच्या पिढीस बैठका आणि सूर्यनमस्कार ठाऊक होते. औंधच्या पंतप्रतिनिधींनी तर नमस्कारांच्या प्रसारार्थ आयुष्य वेचले. आपण पाट सोडून खुर्ची धरली, जिना सोडून उद्वाहक धरला. (आम्हीही त्यात आहोत.)

वडील बंधूंनी वैद्याच्या सल्ल्याने गोळ्या बंद केल्या. दुपारच्या वरणभातास वाटीभर उसळ व ताक यांची जोड मिळाली; प्रथिनांवाचून व्यायाम तरी काय बांधणार? सकाळ-संध्याकाळ हात छातीशी बांधून खुर्चीवरून उठणे-बसणे सुरू झाले. आरंभी पाच वेळा उठण्यास त्यांना २१ सेकंद लागत. पाच महिन्यांनी १३ लागू लागले. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ साली ठरविलेल्या मापाने १२ सेकंद वा अधिक लागणे हे दुर्बलतेचे चिन्ह होय; म्हणजे बंधूंचे काम अद्याप संपलेले नाही. तथापि डोंबिवली स्थानकाचा पूल ते आता मध्ये न थांबता चढतात.

सभागृहाच्या मागील बाजूस बिनहाताची खुर्ची भिंतीस टेकवून ठेवली आहे, आणि शेजारी बंधू घड्याळ घेऊन बसले आहेत. साठीपुढील सभासदांनी, भगिनींनीही, भोजनापूर्वी आपली वेळ मोजून घ्यावी. गुडघ्याचे वा हृदयाचे दुखणे असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या वैद्यास विचारावे.