जुन्या जीपची तेलगळती

1953 साली अमेरिकेत विलीज कंपनीने उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी जीप काढली. हीच जीप पुढे महिंद्रांनी मुंबईत बनवली आणि ती आपल्या गावोगावी पोचली. आजही कुणी ती हौसेने जपतो. अशा गाडीखाली सकाळी तेलाचा डाग दिसला, की मालक म्हणतो, "जुनी गाडी, ठिबकायचीच!" नाहीतर मिस्त्रीला बोलावून सबंध गिअरबॉक्सच खाली उतरवतो. माझ्या मते दोन्ही घाईचेच. आधी तेल येते कुठून, ते बघावे.

थेंब पडतो तिथेच दोष असेल असे नाही. चालत्या गाडीखालचा वारा तेलाला मागे ढकलतो. म्हणून इंजिन थंड असताना रॉकेलच्या चिंधीने सारा भाग पुसून कोरडा करावा (विडीकाडी लांब ठेवावी हे सांगायला नकोच), जोडांवर खडूची पूड लावावी आणि गाडी थोडी फिरवून आणावी. शिक्षकबंधूंना खडूची काय वाण! सर्वांत वरचा आणि सर्वांत पुढचा जो डाग ओला होतो, तो खरा.

इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचचे घर आहे. त्याच्या तळच्या भोकातून थेंब पडत असेल, तर तो बोटांवर चोळून पाहा. पातळ आणि काळा असेल तर ते इंजिनाचे तेल. गिअरबॉक्स बिचारी निर्दोष. दाट, चिकट आणि गंधकासारख्या उग्र वासाचे असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या तोंडाशी गळती आहे. कोणतेही असो, ते क्लचच्या पत्र्यावर गेले की घाटात गाडी ओढत नाही.

या गाडीत गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस जोडलेली असते. जमीन कोरडी आणि गिअरबॉक्सचे तेल मात्र कमी, असे झाले तर ट्रान्सफर केसचा पातळीचा बूच उघडून बघा. तिथून तेल वाहू लागले, तर ते मधल्या जोडातून आतल्या आत सरकले आहे. अशा वेळी नुसते तेल ओतत राहणे म्हणजे एका घागरीतले दुसरीत! बूच नेहमी सपाट जागी उघडावा. पातळी त्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत, जास्त नको. जास्तीचे तेलही गळतेच.

आणखी एक कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेल तापले की आतली हवा फुगते. तिला बाहेर पडायला बारीक छिद्र ठेवलेले असते. चिखलाने ते बुजले, की हवा चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर रेटते. सील बदलण्याआधी छिद्र साफ करा. खर्च काहीच नाही.

सर्वांत जपायची जागा ट्रान्सफर केसच्या मागे आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून तिथल्या ड्रमवर आहे. मागचे सील गेले की तेल त्या ड्रममध्ये शिरते आणि उतारावर उभी केलेली गाडी ब्रेकला जुमानत नाही. तिथे आधी चाकाला दगड, मगच दुरुस्ती. सील बदलताना ते ज्या भागावर घासते, तिथे नख फिरवून पाहा. नख अडकण्याइतकी खाच पडली असेल, तर नवे सीलही थोड्याच दिवसांत गळू लागेल. तो भागही बदलायला मिस्त्रीला सांगा. ब्रेकच्या पट्ट्यांनी तेल प्यायले असेल, तर त्याही नव्याच घाला.