धावपटू कन्या आणि बालवर्ग
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या पालकसभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या ह्या वर्षात आपल्या धर्मग्रामाच्या पूर्वजांविषयी पुष्कळ बोलले गेले आहे व पुढेही बोलले जाईल. आज पालकांच्या ह्या सभेत, जे अजून व्हावयाचे आहे त्याविषयी आम्ही दोन शब्द बोलणार आहो. निमित्त आपल्यातीलच एका कन्येचे आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही. तिला ते आवडणार नाही, आणि आपणांपैकी बहुतेकांस ते ठाऊकच आहे. बारावीत शिकणारी ही मुलगी ८०० मीटर धावते. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला पदक मिळाले तेव्हा मिस्सानंतर चर्चच्या अंगणात आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पुढे काय करणार असे कोणी विचारले असता, आपणांस बालवर्गाची शिक्षिका व्हावयाचे आहे, असे तिने सांगितले. ह्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तर, "देवाने एवढे पाय दिले ते काय पोरांमागे धावावयास?" असा प्रश्न केला, आणि मंडळी हसली.

त्या हसण्यात जो समज दडलेला आहे त्याची थोडी चिकित्सा करणे अवश्य आहे. बालवर्ग म्हणजे ज्यांस दुसरे काही साधले नाही त्यांचे काम, असा तो समज होय. पोर रडू लागले तर गप्प करावे, चार गाणी म्हणवून घ्यावी, डबा खाऊ घालावा व घरी पाठवावे. ह्यास विद्या कशाला आणि पदक कशाला?

खेळ आणि अध्यापन ही एकमेकांस परकी नव्हेत, हे आपल्या ख्रिस्तसभेस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. संत पौलाने करिंथकरांस लिहिताना शर्यतीचा दृष्टांत घेतला, तो उगाच नव्हे. करिंथनजीक दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत, आणि विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट घालीत. तो किती दिवस टिकणार हे त्या वाचकांस सांगावे लागत नव्हते. संत जॉन बॉस्को तर बालपणीच कसरती शिकला. दोरीवर चालून व उड्या मारून तो गावची मुले गोळा करी, आणि खेळ संपण्यापूर्वी त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेई. आणखी एक गोष्ट आपणांपैकी थोड्यांस माहीत असेल. 'अधिक वेगाने, अधिक उंच, अधिक बलाने' हे ऑलिंपिक सामन्यांचे ब्रीद १८९१ साली प्रथम उच्चारले ते पॅरिसनजीकच्या आर्केय येथील एका शाळेच्या क्रीडोत्सवात. आणि उच्चारणारे फादर आंरी दिदों हे दोमिनिकन धर्मगुरू त्याच शाळेचे प्रमुख होते. ते बोल प्रथम शाळेतील मुलांसाठीच होते.

बालवर्गात मात्र ते ब्रीद उलटे करून घ्यावे लागते: अधिक सावकाश, अधिक वाकून, अधिक हळुवारपणे. धावपटूस हे कसे जमणार, असे कोणी म्हणेल. आम्हांस वाटते, तिलाच ते जमेल. ८०० मीटर म्हणजे मैदानाच्या दोन फेऱ्या. पहिल्या फेरीत सर्व बळ उधळणारा दुसरीत मागे पडतो, हे तिने पुस्तकात वाचलेले नाही. ते तिच्या छातीत भरलेल्या कळेने तिला शिकविले आहे. तीन वर्षांच्या बालकास जूनमध्येच अक्षरे गिरवावयास लावणाऱ्या व दिवाळीपूर्वीच थकून जाणाऱ्या शिक्षिका आम्ही पाहिल्या आहेत. आणि जूनमध्येच अक्षरे मागणारे पालकही पाहिले आहेत. त्यांतील काही ह्या सभेत बसले आहेत!

हा केवळ आमचा तर्क नव्हे. ही कन्या रविवारी धर्मशिक्षणाच्या सर्वांत लहान वर्गास मदत करते. त्या वर्गात एक मुलगा क्षणभर स्वस्थ बसत नसे. दुसऱ्यांच्या चपला लपवी, बाकाखाली शिरे. त्यास कोपऱ्यात उभे करावे अशी सूचना आली. तिने तसे केले नाही. हातघंटा त्याच्या हाती देऊन ती न वाजविता अंगणाला दोन फेऱ्या मारून येण्यास तिने त्यास सांगितले. घंटेची जीभ चिमटीत धरून तो गेला, धापा टाकीत आला, आणि मग पाऊण तास गोष्ट ऐकत बसला. आम्ही तिला कारण विचारले. ती म्हणाली, "फादर, शर्यतीआधी मलाही बसवत नाही." इतकेच. ज्यास स्वतःच्या देहाची चुळबुळ ठाऊक आहे तोच लेकराची चुळबुळ खोडी समजत नाही.

हे काम हलके असते तर थोरामोठ्यांनी त्यास आयुष्य वाहिले नसते. मारिया माँटेसोरी ह्या वैद्यकीच्या पदवीधर. त्यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी, म्हणजे प्रभुप्रकटीकरणाच्या सणाच्याच दिवशी, रोममधील सान लोरेंझो ह्या मजुरांच्या वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले. भावनगरचे गिजुभाई बधेका वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळले व १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. आणि फार दूर तरी कशाला जावे? आपल्या वसईच्या उत्तरेस, डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे, ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बालवाडीचे कार्य आरंभिले. अस्पृश्य मानलेल्यांची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द असा आपल्याच किनाऱ्यावर जन्मला. त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्या बालविधवा. पुढे कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी लेकरांत त्यांनी आपले उर्वरित आयुष्य वेचले. ताराबाईंस १९६२ साली पद्मभूषण हा किताब मिळाला. परंतु त्यांनी काम आरंभिले तेव्हा त्यांच्या हाती कोणताही किताब नव्हता, हे ध्यानात ठेवावे.

आता तिच्या वडिलांचे म्हणणे. ते म्हणतात, पोलीस भरतीस बसावे. शासकीय नोकरीत खेळाडूंस ५ टक्के जागा राखीव आहेत. पगार पक्का, निवृत्तीपर्यंत चिंता नाही. ह्या म्हणण्यास आम्ही हसत नाही. पोलिसाची चाकरी ही मानाची चाकरी आहे, आणि ज्या बापाने वाडी विकून मुलांस शिकविले त्याने पगाराचा विचार न करावा असा उपदेश करण्याचा अधिकार, ज्यांच्या जेवणाची सोय धर्मग्राम करतो अशा आम्हांस नाही. शिक्षणपदविकेची दोन वर्षे, त्यानंतर पात्रता परीक्षा, आणि मग नोकरी मिळेलच असे नाही. बालवर्गाची स्थिती तर आणखी बिकट. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे बंधन सहा वर्षांपासून पुढच्या मुलांस आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनच्या शिक्षणास पाया म्हटले खरे. परंतु पाया घालणारीच्या हाती काय पडते हे आपण सर्व जाणतो. घरकाम करणाऱ्या बाईस जे द्यावयाला आपण कां कूं करीत नाही, तेही पुष्कळ ठिकाणी तिला मिळत नाही.

म्हणून आमचे म्हणणे त्या बापापेक्षा आपणां सर्वांशी अधिक आहे. मुलगी सेवावृत्तीची आहे, तिला पैशाचे काय, असे म्हणणे फार सोपे असते. त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो; दुसऱ्याच्या त्यागावर आपली बालवाडी चालविणे ह्यास त्याग म्हणत नाहीत. तिला धावणे सोडावे लागू नये हेही आमचे मागणे आहे. प्रभूने बालकांस जवळ घेतले तेव्हा त्यांस दटावून दूर सारणारे त्याचे शिष्यच होते, परके कोणी नव्हते.

पदविकेचा अर्ज निकालानंतर भरावयाचा आहे. तिचे आईवडील त्यापूर्वी आमच्याकडे येणार आहेत. अर्ज कोणता भरावा हे आम्ही सांगणार नाही, ते तिचे तिने ठरवावे. आम्ही आपल्या हाती असलेले एवढेच केले आहे. धर्मग्रामाच्या बालवाडीतील शिक्षिकेचे वेतन काय असावे, हा विषय येत्या पालकीय मंडळाच्या सभेपुढे ठेवण्यास सचिवांस सांगितले आहे. ज्युबिली निधीतून बांधावयाच्या नव्या कमानीचे अंदाजपत्रकही त्याच सभेपुढे येणार आहे. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवावेत, असेही आम्ही त्यांस सांगितले आहे.