लाल कॅलिपर लावला की गाडी ट्रॅकवर फास्ट होते का?

आजचा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलाय. प्रश्न साधारण असा: "स्पोर्ट्स कार आहे, ट्रॅक डेला जायचंय, तर आधी मोठे कॅलिपर बसवू का?"

आता अलॉय व्हीलच्या आडून दिसणारा लालभडक सहा पिस्टनचा कॅलिपर कुणाला आवडत नाही? मलाही आवडतो. पण कॅलिपर, डिस्क, पॅड असं सगळं किट धरलं तर खर्च सहज लाखांत जातो. शिवाय हा खर्च चुकीच्या जागी झाला तर नुसते पैसे जात नाहीत. स्ट्रेट संपते तिथे ब्रेक लागला नाही तर काय होईल, ते मी सांगायला नको. म्हणून आज हिशेब करूनच बघू. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण बारावीचं फिजिक्स इथे पुरतं.

पहिली गोष्ट. कॅलिपर चाक थांबवतो, गाडी थांबवतो टायर. रस्त्याला शेवटी चिकटलेला असतो तो टायरच. टायरची पकड साधारण १ जी एवढी असेल, तर ताशी १०० किलोमीटरवरून थांबायला जवळपास ४० मीटर लागतात. कॅलिपर कुठलाही लावा, ४० म्हणजे ४०. तेच टायर बदलून पकड १.२ जी झाली, तर अंतर येतं ३३ मीटरवर. म्हणजे दीड गाडीची लांबी वाचली, आणि कॅलिपरला हातही लावला नाही.

तुमच्या गाडीचं कसं ओळखायचं? मोकळ्या, सुरक्षित जागेत ब्रेक जोरात दाबल्यावर पेडल थरथरलं, एबीएस सुरू झालं, तर समजा की टायरला झेपेल त्यापेक्षा जास्त ताकद ब्रेकमध्ये आधीच आहे. अजून ताकद वाढवून एबीएस फक्त लवकर सुरू होईल.

मग ट्रॅकवाले ब्रेकवर एवढा खर्च का करतात? कारण ट्रॅकवर एकदा थांबायचं नसतं. दर लॅपला, पुन्हा पुन्हा वेग मारायचा असतो. इथे खरा शत्रू येतो: उष्णता.

ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट घ्या. २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झालं. एक लॅप ५.१२५ किलोमीटरचा, आणि मागची स्ट्रेट एक किलोमीटरहून लांब. समजा १,३०० किलोची गाडी त्या स्ट्रेटच्या शेवटी २०० वरून ८० वर आणायचीय. हवेचा विरोध सोडला, तर साधारण १७ लाख ज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. एवढ्या ऊर्जेत पावणेसहा लिटर पाण्याला उकळी येईल. आणि हे सगळं साडेतीन सेकंदांत! पुढच्या कॉर्नरला परत, पुढच्या लॅपला परत.

ही उष्णता डिस्कमध्ये शिरते, तिथून पॅडमध्ये, तिथून ब्रेक ऑइलमध्ये. म्हणूनच पहिला लॅप मस्त जातो आणि चौथ्या लॅपला पाय घाबरतो.

आता "ब्रेक गेले" ही तक्रार म्हणजे "ॲप चालत नाही" म्हणण्यासारखी आहे. नेमकं काय झालं ते आधी विचारायचं. पेडल मऊ लागलं, खोल खोल गेलं, तर ऑइल उकळलंय. त्यात वाफेचे बुडबुडे झाले, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. उलट पेडल दगडासारखं कडक आहे, तरी गाडी थांबत नाही, तर पॅड त्याच्या तापमानाच्या पलीकडे गेलाय. दोन वेगळे बग, दोन वेगळे उपाय. आणि दोन्हींत कॅलिपरचा दोष असेलच असं नाही.

ऑइलचे आकडे लक्षात ठेवा. डॉट ३ नव्याने भरलं की किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५.१ किमान २६० ला. पण हे ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शिरलेल्या डॉट ४ ची किमान मर्यादा येते १५५ वर! आपल्याकडे दोन पावसाळे काढलेलं ऑइल घेऊन ट्रॅकवर जाऊच नका. आणि डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळंच प्रकरण आहे. ते यांच्यात मिसळायचं नाही.

मग कॅलिपर अगदीच बिनकामाचा का? नाही हो. चांगला फिक्स्ड कॅलिपर कमी वाकतो, त्यामुळे पेडल घट्ट लागतं आणि पाय नेमका चालतो. पॅड सारखे झिजतात. त्यात मोठा, जाड पॅड बसतो, तो जास्त लॅप टिकतो. ॲल्युमिनियमचा असेल तर वजनही वाचू शकतं. तासभराच्या रेसला या सगळ्याची किंमत आहे.

पण तुलना करताना फसू नका. टोयोटा जीआर ८६ चं उदाहरण घ्या. आपल्याकडे ती विकत नाहीत, पण अमेरिकेत तिला ब्रेम्बो ब्रेकचं पॅकेज मिळतं: पुढे ४ पिस्टन, मागे २, आणि सोबत मोठ्या डिस्क. ट्रॅकवर ते जास्त तग धरतं, यात नवल नाही. पण श्रेय कुणाचं? मोठी डिस्क जास्त उष्णता पोटात घेते. एकाच कमिटमध्ये तीन बदल टाकले आणि मग म्हणालात "कॅलिपरने जादू केली", तर कोड रिव्ह्यूत कुणी पास करेल का?

आणि एक धोका. कंपनीने पुढच्या-मागच्या ब्रेकचं प्रमाण मोजूनमापून बसवलेलं असतं. तुम्ही फक्त पुढे मोठ्या पिस्टनचे कॅलिपर लावले, तर मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं, पेडल लांब जातं. पुढचे टायर लवकर लॉक व्हायला बघतात आणि मागचे ब्रेक नुसते बघत बसतात. लाख रुपये घालून थांबायचं अंतर वाढू शकतं! त्यामुळे किट घ्यायचंच तर तुमच्या गाडीसाठी हिशेब करून बनवलेलं घ्या.

तर माझा क्रम असा. आधी ताजं, जास्त तापमानाचं ऑइल. मग ट्रॅकचे पॅड. पण थंड असताना ते कमी पकडतात आणि किंचाळतात, म्हणून रोज ऑफिसला जायला ते नकोत. मग चांगले टायर. मग ब्रेकपर्यंत हवा नेणारे डक्ट. दर सेशनला शेवटचा एक लॅप हळू मारा, ब्रेक थंड होऊ द्या. एवढं करूनही डिस्क तापून थकत असतील, पॅड एका दिवसात संपत असतील, तेव्हा मोठी डिस्क आणि कॅलिपर खुशाल घ्या. तोवर तुम्हाला नेमकं काय कमी पडतंय हेही कळलेलं असेल.

आणि केवळ दिसायला हवा असेल तर? घ्या की! हौसेला मोल नसतं. फक्त त्या हौसेच्या भरवशावर ब्रेकिंग पॉइंट पुढे ढकलू नका.

तुमची गाडी कुठल्या लॅपला दमते आणि तेव्हा पेडल मऊ लागतं की कडक, ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!