ससे, लांडगे आणि बटण कोण दाबतं?

इअरफोन लावलेत ना? आज विषय जीवशास्त्र. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका.

मी बी.टेक.वाला. बायोलॉजीशी संबंध दहावीनंतर संपला. तरी महिन्यातून दोन शनिवार मी एका शाळेत दहावीच्या मुलांना फेट नावाची सिम्युलेशन्स दाखवतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाचा हा प्रकल्प. कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला, भौतिकशास्त्राचं नोबेल मिळाल्यावर पुढच्याच वर्षी. फुकट आहे, मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं.

त्यातलं नैसर्गिक निवडीचं सिम्युलेशन माझं लाडकं. सुरुवातीला एकच पांढरा ससा. त्याला जोडीदार दिला की पिढ्या सुरू. काहीच आडवं आलं नाही तर थोड्या वेळात ससे जग व्यापून टाकतात आणि खेळ संपतो. वर्गात इथे हमखास हशा.

मग तपकिरी फरचं उत्परिवर्तन, म्हणजे म्युटेशन, टाकायचं आणि लांडगे सोडायचे. जमीन तपकिरी असेल तर लांडगे पांढरे ससे जास्त टिपतात, आणि आलेखात तपकिरी रेघ वर चढत जाते. पण मी इथे आधी पॉज दाबतो. "काय होईल, वहीत लिहा." हे केलं नाही तर पोरं नुसता कार्टून बघतात. खरंच सांगतो, बटणं दाबण्यात शिकणं नसतं. आपला अंदाज चुकला की मात्र डोकं चालू लागतं.

एकदा मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, इथे बटण दाबलं म्हणून तपकिरी ससा आला. जंगलात बटण कोण दाबतं?"

सॉफ्टवेअरवाल्याला याहून चांगला बग रिपोर्ट मिळणार नाही! कारण लांडगे आल्यावर बटण दाबलं की वाटतं, गरज पडली म्हणून सशाने रंग बदलला. तसं नसतं. पेशीत डीएनएची नक्कल होताना चुका होतात, त्या गरज बघून होत नाहीत. म्हणून आता मी क्रम उलटा करतो. लांडगे नसतानाच तपकिरी फर टाकायची. मग तेच ससे बर्फाळ प्रदेशात न्यायचे आणि लांडगे सोडायचे. आता तपकिरी ससेच आधी मरतात. म्युटेशन तेच, निकाल उलटा.

हे फक्त मार्कांपुरतं नाही बरं का. "जंतूंना औषधाची सवय झाली" असं आपण घरी सहज म्हणतो. सवय वगैरे काही नाही. लाखो जीवाणूंमध्ये एखादा आधीपासूनच वेगळा असतो. अँटिबायोटिकने बाकीचे मेले की त्याला मैदान मोकळं. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंची, तिथे अँटिबायोटिक चालतच नाही. तरी मेडिकलमधून आणून गोळ्या घेतल्या, तर आपण शरीरात लांडगेच सोडतोय.

आणि हो, कांद्याची साल मायक्रोस्कोपखालीच बघायची. त्याला स्क्रीन हा पर्याय नाही, मी सॉफ्टवेअरवाला असूनही सांगतो.

आज रात्री एक करून बघा. त्याच सिम्युलेशनमध्ये सशांना लोंबते कान द्या. लांडगे सोडण्याआधी अंदाज लिहा: हे कान टिकतील की जातील? मग दोन-तीनदा पुन्हा चालवा, आणि दरवेळी आलेख तसाच येतो का बघा. चला, भेटू पुढच्या आठवड्यात.