उपवासाचे चाळीस दिवस

फाल्गुन सरतां सरतां नागपूर जिल्ह्याच्या नरखेड तालुक्यांत मृगबहाराच्या संत्र्यांची तोडणी चालू असते. याच भरल्या दिवसांत ख्रिस्ती माणसाचा उपवासकाळ येतो. शिवारांत फळ पिकलेलें असतां ताटांतील घास कमी करावयाचा, हें प्रथमदर्शनीं विपरीत वाटतें. परंतु व्रताचें मर्म त्यांतच आहे. घरीं कांहीं नाहीं म्हणून उपाशी राहणें ही विपत्ति. असून न घेणें हें व्रत.

या काळाचा आरंभ राखेच्या बुधवारीं होतो. मागील वर्षीं झावळ्यांच्या रविवारीं मिरविलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख भाविकांच्या कपाळीं लावण्यांत येते. तेथून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाच्या आनंदाचा दिवस; म्हणून सहा रविवार वगळले म्हणजे ४० उरतात. येशूनें अरण्यांत निराहार काढलेल्या ४० दिवसांची ही आठवण होय. ईस्टरही चंद्रावर अवलंबून असतो: २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार. तिथि पाहून सण करणाऱ्या मराठी घराला हें गणित परकें वाटूं नये.

पूर्वीं मांसाबरोबर दूध, लोणी व अंडीही वर्ज्य असत. १९६६ सालीं पोप सहावे पॉल यांनीं नियम सौम्य केले. आज कॅथलिकांना राखेचा बुधवार व उत्तम शुक्रवार हे दोनच दिवस उपवासाचे बंधन आहे. दिवसांतून एकच पूर्ण जेवण घ्यावें, असा दंडक; तोही १८ वर्षें पूर्ण झाल्यापासून साठावें वर्ष लागेपर्यंत. आजारी माणसाला त्यांतून सूट आहे.

सर्वच ख्रिस्ती पंथांनीं हा नियम मानला असें नाहीं. १५२२ सालीं झ्यूरिच येथें एका मुद्रकाच्या घरीं उपवासकाळांत मांस खाल्लें गेलें, तेव्हां झ्विंग्लीनें त्या कृत्याचें समर्थन केलें. शास्त्रांत नसलेलें बंधन कोणावर लादूं नये, हा त्याचा मुद्दा. १८४५ सालीं नागपुरांत आलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या याच सुधारक परंपरेंतले; तर १८८७ सालीं नागपुरांत कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. अशा रीतीनें एकाच शहरांत दोन्ही विचार शेजारीं नांदले.

दोहोंचा वाद नियमाविषयीं आहे, दंभाविषयीं नाहीं. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी माणसानें स्वतःवरच रचली आहे. बटाटा, भुईमूग आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिकेंतून आलेले; तरी आपल्या उपवासाच्या ताटांत ते मानानें बसले! मांस सोडून मासळीची मेजवानी झोडणारा ख्रिस्ती गृहस्थ याच पंक्तींतला. म्हणूनच उपवास करतांना तोंड उतरवूं नये, उलट तें धुवून प्रसन्न असावें, असें येशूनें शिष्यांना बजावलें; आणि त्याच्याही पूर्वीं यशया संदेष्ट्यानें भुकेल्याला आपली भाकर वांटून देणें हाच देवाला आवडणारा उपवास ठरविला.

या कसोटीनें पाहतां, सोडलेला घास कोठें गेला हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तो उद्यांकरितां कपाटांत राहिला, तर ती काटकसर झाली. बागेंत दिवसभर पाट्या वाहणाऱ्या मजुराच्या घरीं पोंचला, तरच चाळीस दिवस सार्थकीं लागले.