छायाचित्रकाराचे अवजार आणि त्याचा खंड

(नाशिक येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



छायाचित्रांवर संस्करण करणाऱ्या संगणक-प्रणालींची तुलना या वर्गात कशासाठी, असे आपणांस वाटेल. परंतु श्रमाचे साधन कोणाच्या मालकीचे, हा आपला जुनाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा आहे. दादासाहेब फाळक्यांच्या या जिल्ह्यातील स्टुडिओवाला कारागीर एके काळी निगेटिव्हवर पेन्सिलीने हात फिरवी. ती पेन्सिल त्याची स्वतःची असे.

अमेरिकेतील अडोबी कंपनीचे फोटोशॉप १९९० साली बाजारात आले. ते महाग होते, तरी एकदा घेतलेली प्रत कायम वापरता येई. २०१३ साली कंपनीने नव्या आवृत्त्या यापुढे केवळ वर्गणीवर मिळतील असे जाहीर केले. म्हणजे खरेदी संपली आणि खंड सुरू झाला. लग्नसराई सरली तरी खंड चालूच राहतो, आणि तो थकला की अवजार बंद पडते. ऑक्टोबर २०१९ मध्ये तर अमेरिकन सरकारच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातील सर्व खाती बंद करण्याची घोषणा कंपनीने केली. पुढे परवाना मिळाल्यावर ती मागे घेतली गेली, परंतु किल्ली कोणाच्या हाती आहे हे जगाला दिसले.

याउलट गिंप ही प्रणाली बर्कले विद्यापीठातील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी १९९५ साली हाती घेतली. ती फुकट आहे, पण महत्त्वाचे हे की ती मुक्त आहे. तिची घडण कोणीही पाहावी, सुधारावी आणि वाटावी.

तिच्या उणिवा झाकण्यात अर्थ नाही. मूळ चित्र न बिघडवता परिणाम बदलत राहण्याची सोय तिच्यात २०२५ च्या ३.० आवृत्तीत आली. छपाईच्या चार रंगांत थेट काम करण्याची सोय त्या आवृत्तीतही नाही. त्यासाठी क्रिता ही दुसरी मुक्त प्रणाली घ्यावी लागते. शिवाय छापखान्यांची सवय फोटोशॉपची आहे.

ही सवयच कंपनीचे खरे भांडवल होय. चोरीची प्रत वापरणारा तरुणदेखील त्याच सवयीत भर घालतो. केरळच्या सरकारी शाळांत गिंप शिकवले जाते. नाशिकच्या मुलांना ते का शिकवू नये? ही मागणी आपण केली पाहिजे, आणि तोवर आपली भित्तिपत्रके मुक्त प्रणालीवर तयार करण्यास प्रारंभ केला पाहिजे.