ताट वेगळं करू नका

जिवाभावाच्या माणसाला आपण मराठीत ‘काळजाचा तुकडा’ म्हणतो. उर्दूत तो ‘जिगरी दोस्त’. जिगर म्हणजे यकृत. खाटकाकडे कलेजी मागितली की मिळतं तेही यकृतच. दोन्ही भाषांनी माया ठेवली ती तिथं. तोच अवयव आजारी पडला की मात्र माणसांची माया आटते, हे मी परतुरात पाहिलं आहे.

आमच्या मोंढ्यातल्या एका हमालानं रक्तदान केलं. तपासणीत ‘हिपॅटायटिस बी’ निघाला. लोक म्हणाले, “पीत असेल.” तो दारूला शिवलेलाही नव्हता. टपरीवर त्याचा कप वेगळा झाला, घरात ताट. कुणी काविळीची माळ घाल म्हणालं, कुणी झाडपाला सुचवला. बायको मात्र त्याला रेल्वेनं थेट घाटी दवाखान्यात घेऊन गेली.

तिला तिथं नीट समजावून सांगितलं. हा विषाणू रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. सोबत जेवल्यानं किंवा गळाभेट घेतल्यानं नाही. वस्तरा, ब्लेड, टूथब्रश तेवढे वेगळे ठेवावेत. घरच्यांनी तपासणी करून लस घ्यावी. बाळाला ती जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत द्यावी. घरी येऊन ती नवऱ्याच्या ताटात जेवायला बसली. सासूला एवढंच म्हणाली, “डागदर म्हणले, ताटातून लागत नाही.”

हा विषाणू शोधणाऱ्या बारूक ब्लूमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळालं. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन. २०१८ साली याच तारखेला आपल्या देशात राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. ‘सी’ प्रकार गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. ‘बी’ आटोक्यात राहतो. मात्र गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत.

दारूनं यकृत बिघडलेली माणसंही आहेतच. त्यांनी दारू सोडलीच पाहिजे. पण हिणवलं तर माणूस दुखणं लपवतो आणि दवाखान्यात उशिरा पोचतो. यकृत लवकर तक्रार करत नाही. पोटात पाणी होईपर्यंत पुष्कळ बिघडलेलं असतं.

आणखी एक. रोग्याची चौकशी सगळे करतात. त्याच्या उशाशी बसलेल्या बाईला, “तू जेवलीस का?” एवढं कुणी विचारत नाही. आपण विचारू या.